खोल रिमची चाकं

आमच्या घरात रोडबाइक एक आणि चालवणाऱ्या दोघी. मी आणि माझी थोरली जाऊ. सायकल घेतली होती माझ्या नवऱ्याने, मुंबईत डॉक्टरने पोट कमी करायला सांगितलं म्हणून. तीन आठवडे त्याने ती चालवली आणि मग खोलीत ठेवायला जागा नाही या सबबीवर रत्नागिरीला पाठवून दिली. पोट तिकडेच राहिलं.

वर्षभर ती सायकल जिन्याखाली उभी होती. तिच्या वाकड्या हॅण्डलवर आम्ही पायपुसणी वाळत घालायचो. मग ताई, म्हणजे माझी जाऊ, पोस्टातून निवृत्त झाल्या आणि एका पहाटे पायपुसणी काढून सायकल घेऊन गेल्या. कुठे जाते म्हणून सांगितलं नाही. परत आल्या तेव्हा सलवारीच्या कडेला साखळीचं काळं लागलं होतं आणि चेहरा असा होता की मी चहा ठेवायचा विसरून बघत राहिले. आठवडाभराने मीही सुरुवात केली. एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा. सीटच्या दांड्याला दोन ठिकाणी टेप लावली, त्यांची लाल, माझी पांढरी, कारण त्या उंच आणि भक्कम, मी बुटकी आणि काटकुळी. सीट वरखाली करायची किल्ली शेगडीच्या बाजूला खिळ्याला टांगलेली असायची.

आमचं सायकल चालवणं सगळं पहाटेचं. सकाळी नळाला पाणी येतं ते भरायचं, सासूबाईंना पेज द्यायची, डबे करायचे, मला शाळा गाठायची. त्याआधी जे काय फिरायचं ते फिरून घ्यायचं. संध्याकाळी कधी बाहेर काढावी असं दोघींच्याही मनात आलं नाही. संध्याकाळ ही बायकांनी सायकल चालवायची वेळच नाही, असं कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजही नव्हती.

जानेवारीच्या शेवटी आमच्या गावातले सायकलवाले एक मोठी फेरी ठेवतात. रत्नागिरीहून निघायचं, हातखंबा, पाली, लांजा करत राजापूर गाठायचं आणि तिथून समुद्राच्या बाजूला उतरून जैतापूर, पूर्णगड, पावस असं किनाऱ्याकिनाऱ्याने परत यायचं. चढ-उतार मोजायला गेलं तर माणूस निघायचाच नाही. सूर्य बुडायच्या आत मांडवीला, म्हणजे गावातल्या जेट्टीपाशी, परत पोचायचं, एवढीच अट. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत आलात तर पोचलात, नाही तर नाही. दुसरा नियम असा की रस्त्यात कोणाची मदत घ्यायची नाही. पंक्चरसुद्धा आपलं आपण काढायचं.

आदल्या वर्षी ताई त्या फेरीला गेल्या होत्या. पोचल्याही, पण अंधार पडल्यावर. तोवर मंडळींनी पोचलेल्यांची नावं नोंदायचं टेबल मिटून टेम्पोत चढवलं होतं. एकाने त्यांना पाण्याची बाटली दिली आणि "पुढच्या वर्षी नक्की" असं काहीतरी गोड बोलला. ताई घरी आल्या, आंघोळ केली, भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोळंबी सोलता सोलता मला म्हणाल्या, "टेबल मिटलेलं बगितलं ना गो, तवा लई वाईट वाटलं." एवढंच. ज्या बाईने तीस वर्षांत स्वतःला वाईट वाटल्याचं कधी उच्चारलं नव्हतं, तिने ते उच्चारलं म्हणून मी घाबरले.

आणि पुढचं वर्ष हे त्यांचं इथलं शेवटचं वर्ष होतं. भावोजी जन्मभर मुंबईला नोकरीत, ताई जन्मभर इथे, ही आमच्याकडची रीतच. आता डोंबिवलीला मुलाकडे नात झाली होती, सूनबाई नोकरीची, आणि ताईंनी फेब्रुवारीत कायमचं तिकडे जायचं ठरलं होतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. नातीचा फोटो फोनवर आला की त्या चष्मा शोधत घरभर फिरायच्या. पण जायच्या आधी एकदा ते टेबल उभं असताना मांडवीला पोचायचं, हे त्यांच्या मनात होतं. त्या बोलल्या नाहीत. पहाटेच्या फेऱ्या लांबायला लागल्या, त्यावरून मला कळलं.

मग मी चाकांच्या मागे लागले.

मला एखाद्या गोष्टीचा नाद लागला की मी माणसात राहत नाही, असं माझा नवरा म्हणतो. खरं आहे. आमच्या सायकलची चाकं कंपनीची, अ‍ॅल्युमिनियमची, जड आणि मठ्ठ. मी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून कार्बनच्या चाकांचे व्हिडिओ बघायला लागले. खोल रिम म्हणजे टायरपासून आत तारांकडे पसरलेला चाकाचा भाग रुंद. पस्तीस मिलिमीटर, पन्नास, साठ. जितकी रिम खोल तितकी चाकं वारा कापत जातात, एकदा वेग धरला की तो सोडत नाहीत, असं सगळे सांगत होते. एक दाढीवाला मात्र म्हणत होता की तुमच्या-आमच्यासारख्यांच्या वेगाला याचा फायदा थोडाच. त्याचा व्हिडिओ मी अर्ध्यावर बंद केला.

खोल चाकांची एकच खोड सगळ्यांनी सांगितली होती. आडवा वारा आला की ती रिम वारा धरते आणि पुढचं चाक हातातून ओढल्यासारखं होतं. वजनाने हलका माणूस असेल तर जास्तच. मी ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. चालवणार होत्या ताई, आणि ताई भक्कम होत्या.

"पन्नास घेऊया," मी जाहीर केलं.

ताई भाकरी थापत होत्या. "पस्तीस काय वाईट?"

"पस्तीस घ्यायची तर कार्बन कशाला घ्यायचं? आहे तेच काय वाईट आहे?"

"मग पुढचं उथळ नि मागचं खोल घेऊया. तसं पन चालतं ना? तूच सांगत व्हतीस."

मी सांगितलं होतं खरं. पुढच्या चाकालाच वारा वळवतो, मागच्याला फारसं काही करत नाही, म्हणून बरेच जण पुढे उथळ, मागे खोल असं लावतात. पण मला राग आला. आमच्या घरात काहीही घ्यायचं झालं, मग तो पंखा असो की पातेलं, "मला हे हवं" असं कोणी म्हणतच नाही. "मला काय, तुला आवडेल ते घे," असं दोन्हीकडून चालतं आणि शेवटी कोणालाच न आवडलेलं पातेलं घरात येतं. आम्हा दोघींना लग्नकार्याला घेतलेल्या साड्याही अशाच, दोघींना सारख्याच न शोभणाऱ्या.

"ताई, फेरीला तुम्ही जाणार आहात. तुमचं बघा ना. माझं कशाला बघता?"

"मी जानार, नि चाकं राहनार तुज्याकडं. तू केवढीशी! उडशील गो."

"मी भात वाढवीन," मी म्हटलं. त्या हसल्या, पण भाकरी उलटताना त्यांनी दोनदा मान हलवली. ती मान "मला पटलं नाही" अशी होती, हे मला कळत होतं.

तेव्हा मी निकाल लावायचा उपाय काढला. गावातले एक दंतवैद्य, फेरी ठेवणाऱ्यांपैकीच, त्यांच्याकडे पन्नासची चाकं होती. ताईंची दाढ त्यांनीच काढलेली, त्यामुळे ओळख होती. मी जाऊन चाकं मागितली. दाढेचं दुखणं सोडून कोणी आपल्याकडे आपल्या आवडीचं काही मागायला आलं, याचा त्या माणसाला एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतः घरी येऊन ती बसवून दिली आणि वर चहा घेतला. दोन आठवडे वापरा म्हणाले.

दोन आठवडे आम्ही ती चाकं घातलेली सायकल बाहेर काढली, रोज पहाटे. कधी शिरगावकडे, कधी कुवारबावच्या सड्यावर, एकदा ताई थेट पालीपर्यंत जाऊन आल्या. सडा म्हणजे उघडा कातळ, झाड नाही, आडोसा नाही. वारा असेल तर तिथे कळणारच, असं आमचं म्हणणं. पहाटे तिथे गारवा असायचा आणि अंगाला लागेल न लागेल अशी एक झुळूक. चाकं घुमायची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जसा आवाज येतो तसा आवाज, वेग वाढला की वाढणारा. मला तर पहिल्या दिवशी मागून गाडी येते आहे असं वाटून मी दोनदा बाजूला झाले. काटकुळी मी, पण एकदाही उडाले नाही. सायकल रुळावर असल्यासारखी सरळ जायची.

चौदाव्या की पंधराव्या दिवशी ताई आल्या, हेल्मेट काढलं आणि म्हणाल्या, "बरी हायत."

आमच्या ताईंच्या तोंडचं "बरी हायत" म्हणजे काय, हे त्यांच्या पोस्टातल्या लोकांना विचारा. नवीन इमारत झाली तेव्हाही त्या "बरी हाय" म्हणाल्या होत्या. मी त्याच दिवशी पन्नासची जोडी मागवली, पुढेही पन्नास, मागेही पन्नास.

खोकं आलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, एवढ्या मोठ्या खोक्यात काय आहे? मी म्हटलं, चाकं. त्या म्हणाल्या, जुनी मोडली का? नाही. मग त्यांनी आणखी काही विचारलं नाही, पण त्या दिवशी दोनदा मला ऐकू जाईल असा उसासा सोडला. आम्ही दोघींनी अंगणात बसून टायर चढवले. टायर चढवून झाल्यावर लक्षात आलं की ट्यूबचा व्हॉल्व्ह या खोल रिममधून बाहेर येतच नाही. जेमतेम टोक दिसत होतं, त्याला पंप काय लावणार? दंतवैद्यांच्या चाकांत लांब व्हॉल्व्हच्या ट्यूबा होत्या, आमच्या जुन्या ट्यूबा आखूड. दोन तास घातले होते त्यात. ताई हसायला लागल्या त्या थांबेनात. मी रागाने पंप फेकला, तो फणसाखाली जाऊन पडला, तेव्हा तर त्या भिंतीला टेकून बसल्या. मग मीही हसले. लांब व्हॉल्व्हच्या ट्यूबा यायला आणखी चार दिवस लागले.

फेरीच्या दिवशी पहाटे ताईंनी बुद्धवंदना घेतली, सासूबाईंच्या पाया पडल्या, दोन केळी आणि गुळाच्या पोळ्या जर्सीच्या मागच्या खिशात घातल्या. मी त्यांना निघताना बघितलं. हातखंब्याच्या दिशेला वळेपर्यंत चाकांचा तो घुमल्यासारखा आवाज येत होता. लांज्याहून त्यांचा फोन आला. "लवकर आलंय," म्हणाल्या, "लई लवकर." मागे कुणीतरी चहा विचारत होतं. मी शाळेत स्टाफरूमच्या खुर्चीवरून उठून उगाचच खिडकीपर्यंत जाऊन आले. मला माझ्या हुशारीचं एवढं कौतुक वाटलं की मी डब्यातली अर्धी भाजी शेजारच्या बाईंना देऊन टाकली.

शाळा सुटल्यावर मी स्कूटी घेऊन भाट्याच्या पुलाकडे निघाले. किनाऱ्याने परत येणारे सगळे या पुलावरूनच गावात शिरतात. खाडीच्या मुखावरचा लांब पूल, एका अंगाला उघडा समुद्र. मला ताईंना पुलावरून येताना बघायचं होतं, आणि मग त्यांच्या पुढे जाऊन मांडवीला उभं राहायचं होतं.

पुलाच्या तोंडाशी स्कूटी थांबवली आणि हेल्मेट काढलं. ओढणी उडून तोंडावर आली. ती बाजूला केली, परत आली. समोरून एक रिक्षा येत होती ती जराशी तिरकी येत होती. पुलावरून फेरीतला एक तरणा मुलगा आला, त्याची चाकं उथळच होती, तरी तो समुद्राच्या बाजूला कलून सायकल चालवत होता. त्याच्या मागून आणखी एक आला, खोल चाकांचा. त्याचं पुढचं चाक एकदम आत वळलं, त्याने पाय काढला, परत घातला आणि तोंडाने काहीतरी अर्वाच्य बोलत तो माझ्या बाजूने गेला.

मी भूगोल शिकवते. गेली वीस-बावीस वर्षं दरवर्षी फळ्यावर समुद्र आणि जमीन काढून, बाण काढून मी मुलांना सांगते की रात्री नि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, मंद असतो, त्याला मतलई वारे म्हणतात, आणि दिवसा जमीन तापली की समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे येतात. दुपारनंतर जोरात. परीक्षेत हा प्रश्न मी हमखास घालते. आणि ताईंनी दुपारनंतर चालवायची चाकं मी दोन आठवडे पहाटे पारखून घेतली होती. आम्ही कधी पहाटेशिवाय सायकल काढलीच नव्हती, तर आमच्या लेखी रत्नागिरीत वारा एकच, पहाटेचा. मी तिथे पुलाच्या कठड्याला धरून स्वतःला मोठ्याने "गाढव" म्हटलं. मासे घेऊन चाललेली एक बाई वळून बघून गेली.

ताईंना फोन लावला. त्या उचलणार नाहीतच, सायकलवर असताना त्या फोन उचलत नाहीत. जैतापूरचा पूल, कशेळीचा सडा, पूर्णगडचा पूल. सगळं समुद्राच्या अंगाला उघडं, आणि सगळं दुपारचं. साठी ओलांडलेली बाई. मला काय काय दिसायला लागलं ते इथे लिहीत नाही.

मी स्कूटी वळवली आणि घरी आले. जिन्याखाली जुनी चाकं होती. पुढचं चाक काढलं, दाबून हवा बघितली, थोडी भरली आणि ते दोन गुडघ्यांत धरून स्कूटीने परत पुलावर आले. पूल ओलांडून पलीकडच्या टोकाला, भाट्याच्या बाजूला, सुरूच्या झाडांपाशी चाक घेऊन उभी राहिले. ऊन उतरायला लागलं होतं.

ताई आल्या त्या सायकलवर बसूनच. तोंडावर लाल धूळ, घामाने तिचे ओघळ झालेले. मला बघून थांबल्या, पाय टेकला.

"हे काय आनलंस?"

"जुनं चाक. पुढचं बदलूया, दोन मिनिटं लागतात. पूल पार केलात की झालं."

"नियमात नाय."

"ताई, इथे कोण बघतंय?"

"मी बगतंय ना," त्या म्हणाल्या. अगदी साधेपणाने म्हणाल्या, दुकानात सुटे पैसे आहेत म्हणून सांगावं तसं. मग त्यांनी बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. "जैतापुरास उतरले नि चालत आले. कशेळीच्या सड्यावर सायकल माज्या मनानं नाय, वाऱ्याच्या मनानं चालाय लागली, तवा तिथं पन उतरले. पूर्णगडास पन. आता हा येक पूल. चालतंय."

"आणि वेळ?"

त्यांनी समुद्राकडे बघितलं. सूर्य अजून चांगला वर होता, पण पूलही लांब होता. त्या सायकलवरून उतरल्या आणि चालायला लागल्या.

मी काय करणार? स्कूटीला कुलूप घातलं, ते चाक खांद्यावर अडकवलं आणि त्यांच्या बाजूने चालायला लागले, समुद्राच्या अंगाला. मी मध्ये आले की वारा त्यांच्या पुढच्या चाकाला थोडा कमी लागेल असं मला वाटलं. माझ्यासारखी काटकुळी बाई वारा काय अडवणार, पण मी तशीच चालत राहिले. येणारे-जाणारे बघत होते. एका बाईच्या हातात सायकल आणि दुसरीच्या खांद्यावर सायकलचं चाक.

अर्ध्या पुलावर मला रडू आलं. रागाचं होतं ते. "माझं चुकलं," मी म्हटलं. "मला अक्कलच नाही. तुम्ही सांगत होतात उथळ घ्या म्हणून."

"मी तुज्यासाठी सांगत व्हतंय. माज्यासाठी नाय." चाक वाऱ्याने आत ओढलं, त्यांनी हॅण्डल घट्ट धरलं. "नि सकाळी लांज्यापर्यंत कशी गेली म्हाईत हाय? मागनं कोन ढकलीत असल्यागत. मी जन्मात अशी गेले नव्हते गो. रडतंस काय?"

पुलाच्या गावाकडच्या टोकाला त्या सायकलवर बसल्या. "ये मागनं," म्हणाल्या आणि गेल्या. मी तिथेच उभी राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघितलं. मग माझ्या लक्षात आलं की माझी स्कूटी पलीकडच्या टोकाला आहे. खांद्यावरचं चाक घेऊन मी सगळा पूल परत चालत गेले. चालत कसली, पळत. पळताना ते चाक माझ्या पाठीवर आपटत होतं आणि सूर्य आता लाल व्हायला लागला होता.

मांडवीला पोचायला मला फार वेळ लागला. गावात बाजाराची गर्दी, एका चौकात टेम्पो आडवा. मी हॉर्न वाजवून वाजवून लोकांच्या शिव्या खाल्ल्या. जेट्टीच्या रस्त्याला लागले तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आला होता.

टेबल उभं होतं. टेबलापुढे रस्त्यावर फक्कीची पांढरी रेघ मारलेली होती. आणि त्या रेघेच्या अलीकडे, चार पावलांवर, ताई सायकल हातात धरून उभ्या होत्या.

काहीतरी मोडलं, हेच पहिलं माझ्या मनात आलं. तारा तुटल्या, टायर गेला. पण सायकल धड होती. दंतवैद्य रेघेपलीकडून दोन्ही हात हलवत होते. "अहो या ना! एक पाऊल टाका हो, वेळ चाललाय!" आणखी पाच-सहा जण ओरडत होते. ताई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. रस्त्याकडे, माझ्याकडे, बघत होत्या.

मी स्कूटी तशीच सोडली, ती आडवी पडली. "ताई! उभ्या काय राहिलात? जा!"

"तुजी वाट बगतंय."

"माझी कसली वाट बघताय? कधीपासून उभ्या आहात?"

"झाला थोडा वेळ."

मग माझा तोल गेला. डोक्यात राख घालून घेणं म्हणजे काय ते त्या संध्याकाळी मांडवीच्या लोकांनी बघितलं असेल. मी माझ्या थोरल्या जावेला, जिला मी आजवर उलट उत्तर दिलेलं नाही, चारचौघांत नाही नाही ते बोलले. वेड लागलंय का, वर्षभर कशासाठी मेलात, परत ते टेबल मिटलेलं बघायचं आहे का, मला काय करायची आहे ती रेघ, ती मी उद्या येऊन ओलांडीन. बोलता बोलता मी त्यांच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून त्यांना पुढे ढकलायला गेले आणि तशीच थांबले, कारण मदत करायची नाही हा नियम मला आठवला.

"सायकल दोगींची हाय," त्या म्हणाल्या. "मी येकटीच पोचले असं कसं?"

आणि त्यांनी सायकल ढकलली. मी त्यांच्या बरोबर चालले. रेघ ओलांडली तेव्हा दंतवैद्यांनी घड्याळात बघितलं, मग समुद्रात बघितलं. तांबडा काठ अजून पाण्यावर होता. त्यांनी मान डोलावली आणि टाळ्या सुरू झाल्या.

कोणीतरी ताईंना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. सायकल टेबलाला टेकवून टेबलावर हात ठेवून उभ्या राहिल्या, ते टेबल खरंच आहे ना हे बघितल्यासारख्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघण्यासाठी मी शाळेतल्या सगळ्या मधल्या सुट्ट्या घालवल्या होत्या. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं. त्यांचं इथलं काम झालं होतं. आता त्या जायला मोकळ्या होत्या. वर्षभर मी त्यांना लवकर पोचवायच्या मागे लागले होते, आणि पोचल्यावर काय, हे मी मनात कधी येऊच दिलं नव्हतं.

"ताई," मी म्हटलं. माझा घसा ओरडून बसला होता, आवाज नीट येईना. "ताई, जाऊ नका."

आमच्या घरात असं कोणी कोणाला म्हणत नाही. धुळीच्या तोंडावर त्यांचे डोळे एकदम भरले.

"जायाला तर होया गो," त्या म्हणाल्या. त्यांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला, लोक अभिनंदन करायला येत होते तरी सोडला नाही. "पन बरं झालं बोललीस. मला वाटलं, तू बोलनारच नाय."